उचललाच नाही, मग पैसे कशाचे?

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या आमच्या काकूंनी फोनचं बिल माझ्यापुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाचा नंबर, एक मिनिट. खाली पुन्हा तोच नंबर, एक मिनिट. अशा सहा ओळी. "त्यानं फोन उचललाच नाही रे! आणि हा तर इंटरनेटवरचा फोन आहे न? तो फुकट असते म्हणतात. मग पैसे कशाचे?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. आधी दुसरा घेऊ.

काकूंच्या घरी आता तांब्याची तार येत नाही, काचेचा बारीक धागा येतो. तो भिंतीवरच्या डब्यात शिरतो आणि डब्यामागच्या छोट्या खाचेत जुनाच टेलिफोन जोडलेला असतो. काकू "हॅलो" म्हणाल्या की डबा त्या आवाजाची लहर सेकंदाला ८००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा आकडा करतो. २० मिलिसेकंदांचे आकडे जमले की त्यांची एक पुडी बांधायची, वर पत्ता घालायचा आणि रवाना करायची. सेकंदाला अशा ५० पुड्या. या नेहमीच्या पद्धतीत तासभराच्या बोलण्याला एका बाजूनं जेमतेम ३६ एमबी लागतात, म्हणजे मोबाइलवरच्या काही मिनिटांच्या व्हिडिओइतके. एवढ्याशा डेटासाठी कुणी मिनिटामागे पैसे मागणार नाही.

पूर्वी मागत, त्याला कारण होतं. भारतात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या गावाला फोन लावायची सोय, १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली. तेव्हा दोन माणसं बोलत असताना, अगदी गप्प बसली तरी, त्यांच्यामधला अख्खा मार्ग त्यांच्यासाठी अडकून पडायचा. मार्ग जितका लांब, तितका दर जास्त. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद, जबलपूरची अंतरं कोरलेली आहेत; फोनचं बिलही तसंच मैल मोजायचं. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून बूथवर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे सांगायला नको. १ मार्च २००६ ला बीएसएनएल-एमटीएनएलनं देशभर मिनिटाला एक रुपयाची योजना आणली, तेव्हा अंतराचा हिशेब मोडायला लागला.

पण अंतर गेलं तरी एक खर्च उरतो, आणि बिल कळायचं असेल तर तोच धरून ठेवावा. तुमचा फोन दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला लागला की ती कंपनी तो शेवटपर्यंत पोचवते आणि त्याचं शुल्क घेऊ शकते. देशात ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, लँडलाइनसाठी हे शुल्क १ मार्च २०१५ पासून शून्य केलं. मोबाइलवरून मोबाइलला केलेल्या कॉलचं १ जानेवारी २०२१ पासून. काकू वर्ध्याच्या बहिणीशी तासभर बोलतात आणि बिलात काही दिसत नाही, याचं श्रेय मी इंटरनेटइतकंच या नियमांनाही देईन.

अमेरिकेला हा नियम लागू नाही. काकूंचा आवाज आपल्या कंपनीकडून परदेशी कंपनीकडे आणि तिथून त्या मोबाइलच्या कंपनीकडे सोपवला जातो. वाटेत जो तो आपला वाटा घेतो. म्हणून प्रत्येक देशाचा दर वेगळा. कित्येक देशांत घरच्या फोनचा कमी आणि मोबाइलचा जास्त. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल या हद्दी ओलांडतच नाही. तो एका अ‍ॅपमधून निघून त्याच अ‍ॅपमध्ये पोचतो, कुठल्याही फोन नंबरच्या जाळ्यात शिरत नाही. दोन्ही इंटरनेटवरचेच, पण हिशेब निराळे.

आता काकूंचा पहिला प्रश्न. मी बिलातल्या वेळा पाहिल्या: सगळ्या सकाळी नऊच्या आसपास. तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मुलगा झोपला होता. घंटी वाजते तोवर मीटर चालत नाही; पलीकडून "घेतला" असा संकेत आला की चालतं. पण तो संकेत माणसानं दिला की यंत्रानं, हे मीटरला कळत नाही.

"काकू, एक बाई इंग्रजीत काही बोलत होती का?"

"हो न! मी म्हटलं, सून आहे का, तर ऐकतच नव्हती."

तो व्हॉइसमेल होता, म्हणजे कुणी फोन घेतला नाही तर निरोप नोंदवून घेणारं यंत्र. यंत्रानं फोन घेतला, मीटर सुरू झालं. काकूंनी दहा सेकंदांत ठेवला तरी पल्स, म्हणजे मीटरचं एक माप, ६० सेकंदांची असल्यानं पूर्ण मिनिट लागलं. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरं मिनिट लागतं, हेही तेव्हाच सांगितलं. वर १८ टक्के जीएसटी.

देशातही एके ठिकाणी जपून राहायला हवं. १८०० नं सुरू होणाऱ्या नंबरचा खर्च ज्याचा नंबर त्याचा. १८६० चा मात्र फोन करणाऱ्यालाही पडू शकतो. बँकांचे बरेच नंबर १८६० चे असतात आणि तिथे माणूस ताटकळतोच.

निघताना डब्याला छोटा यूपीएस लावून दिला. तांब्याच्या तारेतून एक्सचेंजची ४८ व्होल्टची वीज घरापर्यंत यायची, म्हणून लाइट गेले तरी फोन चालायचा. काचेतून वीज वाहत नाही. मे महिन्यात कूलर बंद पडला की काकूंचा फोनही बंद पडत होता, आणि त्या एकट्या राहतात.