स्कोप माउंट (जुन्या लष्करी रायफलीचा)

स्कोप माउंट : रायफलीवर दुर्बीण पक्की धरून ठेवणारा धातूचा आधार. आजच्या बहुतेक शिकारी रायफलींच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या, बोल्ट धरणाऱ्या धातूच्या सांगाड्यावर) त्यासाठीची आट्यांची भोके कारखान्यातच पाडून मिळतात. दोन्ही महायुद्धांतल्या लष्करी रायफली मात्र मागची साइट आणि पुढची माशी जुळवून नेम धरण्यासाठी घडवलेल्या असल्याने त्यांवर दुर्बिणीला जागाच ठेवलेली नसते. ती जागा कशी करायची आणि ती करताना मूळ रायफलीला किती हात लावायचा, यावर माउंटची निवड ठरते. सातारा-सांगली भागात पोलीस आणि एनसीसी यांच्यामुळे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे .३०३ ली-एनफील्ड सर्वपरिचित आहे. म्हणून येथे भर याच कुळावर आहे.

डावीकडे सरकवलेली दुर्बीण : पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, ब्रिटिशांनी ली-एनफील्ड नं. १ मार्क ३ रायफलींवर ऑल्डिस आणि पेरिस्कोपिक प्रिझम कंपनी यांच्या दुर्बिणी बसवल्या. त्या नळीच्या वर नव्हत्या, डाव्या अंगाला होत्या. असे का केले याविषयी मतभेद आहेत. एक मत असे, की पाच काडतुसांचा चार्जर (काडतुसे एकत्र धरणारी पट्टी) लावून ती वरून मॅगझिनमध्ये दाबता यावीत म्हणून बोल्टवरची (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावरची) जागा मोकळी ठेवली. दुसरे मत असे, की उघड्या साइट वापरात राहाव्यात हा हेतू होता. रिसीव्हरचा गोलसर आकार आणि चार्जर टेकवण्याचा मधला आडवा चार्जर-पूल यांमुळे वर सपाट टेकणच मिळत नव्हते, असे तिसरे मत आहे. मिनिटाला १५ गोळ्या हे त्या सैन्याच्या जलद माऱ्याचे प्रमाण होते, हे लक्षात घेता पहिले कारण अधिक पटते. हेतू कोणताही असो, नेमबाजांची गैरसोय झाली. खंदकातल्या पोलादी ढालींची भोके अरुंद असत. नळी भोकात आणि दुर्बीण ढालीच्या आड, अशी स्थिती होई. ब्रिटिश स्नायपर प्रशिक्षणाचे एक जनक मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी या रचनेवर कडक टीका केली होती.

बाजूच्या माउंटचा दोष आकड्यांत मांडता येतो. दुर्बीण नळीच्या ५० मिमी डावीकडे असून १०० मीटरवर झिरो केली (त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच बिंदूवर आणली), तर ५० मीटरवर गोळी नेमाच्या २५ मिमी उजवीकडे लागते; २०० मीटरवर ५० मिमी आणि ३०० मीटरवर १०० मिमी डावीकडे जाते. याउलट दृष्टिरेषा नळीला समांतर ठेवली, तर प्रत्येक अंतरावर गोळी ५० मिमी उजवीकडेच लागते. वेगवेगळ्या अंतरांवर नेम धरणाऱ्याला ही दुसरी पद्धत सोयीची. नळीच्या थेट वर असलेल्या दुर्बिणीत हा आडवा फरक राहत नाही, केवळ उंचीचा राहतो.

नं. ४ (टी) : दुसऱ्या महायुद्धातील या ली-एनफील्ड स्नायपर रायफलीचा माउंट आजही आदर्श मानला जातो. सुरुवातीच्या थोड्या रायफली इंग्लंडमधील एनफील्ड कारखान्यात तयार झाल्या. १९४२ पासून हे काम मुख्यतः बंदुका बनवणाऱ्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीकडे गेले. सुमारे ३ ते ३.५ पट मोठे दाखवणारी नं. ३२ दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. नं. ४ च्या रिसीव्हरची डावी भिंत सपाट असल्याने तिच्यावर पुढे-मागे दोन पॅड बसवता आले. दुर्बीण धरणारे ब्रॅकेट या पॅडना मोठ्या डोक्याच्या, हाताने फिरवता येणाऱ्या दोन स्क्रूंनी आवळले जाई. ब्रॅकेट बाजूने धरलेले असले तरी दुर्बीण नळीच्या वरच येते. त्यामुळे चार्जर वापरता येत नाही, काडतुसे एकेक करून भरावी लागतात. ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे, कारण प्रत्येक जोडी एकमेकींशी बसवून झिरो केलेली होती. जोडी फुटलेली रायफल गोळी अचूक मारू शकते, पण संग्राहकाच्या लेखी तिचे मोल बरेच उतरते. डोळा दुर्बिणीच्या उंचीला यावा म्हणून दस्त्यावर लाकडी गालपट्टी स्क्रूने बसवलेली असे. आज माउंट निवडताना या गालपट्टीचाच बहुतेकांना विसर पडतो. उंच माउंट आणि सखल दस्ता यांचा मेळ नसेल, तर हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो आणि मान प्रत्येक वेळी वेगळी बसते.

इतर देशांतील रायफलींमध्ये अमेरिकन एम१ गॅरँड वरून क्लिपने भरत असल्याने तिचीही दुर्बीण डावीकडे असते. रशियन मोसिन-नागांत रायफलीवरच्या ‘पीयू’ नावाच्या दुर्बिणीसाठी बोल्टचा सरळ दांडा खाली वाकवावा लागला.

आजचे पर्याय : (अ) रिसीव्हरला भोके पाडून बसवायचा माउंट मजबूत असतो, पण ती भोके कायमची. दुर्मीळ रायफलीवर हे करूच नये. (आ) भोके न पाडता, नं. ४ च्या रिसीव्हरवरील मागच्या साइटच्या खिळीला व चार्जर-पुलाला धरणारा माउंट परत काढता येतो. मात्र धक्क्यांनी ढिला होण्याची तक्रार याच प्रकारात जास्त. (इ) नं. १ च्या मागच्या साइटच्या जागी, नळीवर पुढे बसणारा ‘स्काउट’ प्रकार. त्याला डोळ्यापासून लांब चालणारी, कमी पटीची दुर्बीण लागते. १९८०च्या दशकात अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हा विचार रुजवला, जर्मनांची १.५ पटीची झेडएफ४१ दुर्बीण ही त्याच वाटेवरची आधीची पायरी. रिसीव्हरला धक्का न लागता चार्जरही चालतो, म्हणून नं. १ साठी हाच पर्याय सर्वांत समंजस.

दुर्बिणीच्या रिंगा ज्या पट्टीवर आवळतात तिच्या खाचांकडेही पाहावे; पिकाटिनी आणि वीव्हर हे पट्टीचे दोन प्रचलित नमुने. पिकाटिनी खाच ५.२३ मिमी रुंद, वीव्हर खाच ४.५७ मिमी, त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात, पण पिकाटिनीच्या रिंगा वीव्हरवर बसतीलच असे नाही.

भारतीय रायफली : इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिमी २ए व २ए१ (१९६०चे दशक) या नं. १ च्या आकारावर आधारलेल्या आहेत, नं. ४ च्या नव्हे, नं. ४ चा माउंट त्यांना बसत नाही. नागरिकांसाठीच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीची यंत्रणाही ली-एनफील्ड कुळातलीच.

सातारा-सांगली : मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रे घडवणारे व धार लावणारे, त्यांतील काही घराणी पुढे सतार-तंबोऱ्याकडे वळली. किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रकाम चालत आले. माउंट टेकवण्याचे काम तिथल्या फिटरच्या ओळखीचे आहे : पॅडला निळा रंग लावायचा, ब्रॅकेट दाबून उचलायचे, रंग कुठे उमटला ते पाहायचे. ठसा कडेलाच उमटला असेल तर स्क्रू कितीही आवळला तरी ब्रॅकेट हलणार. तेवढा भाग कानसेने उतरवून ठसा मध्यापर्यंत आणावा लागतो. मात्र परवाना नसलेल्या कारागिराने हे काम करू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती व रूपांतर या दोन्हींना परवाना लागतो.

.३०३ व ७.६२ बोअर २०१६ च्या शस्त्र नियमांत निषिद्ध वर्गात मोडतात. म्हणून इथल्या परवानाधारकापुढे प्रश्न येतो तो प्रायः .३१५ चाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे वडिलोपार्जित रायफल बदलायची की जशीच्या तशी जपायची, हा विचार आधी करावा लागतो. बंदुकीवरचा क्रमांक खोडणे वा बदलणे कलम ८ नुसार गुन्हा आहे. नं. ४ चा क्रमांक दस्त्याजवळ डाव्या बाजूला असतो; त्या बाजूला कानस लावण्याआधी तो शोधून, त्याचे छायाचित्र परवान्याच्या कागदांत ठेवावे.