भूत रबराचं, दचकणं खरं

ऐंशीच्या दशकात नागपुरात वाढलेल्या अनेकांनी पहिला भुताचा सिनेमा थिएटरात पाहिलाच नाही. तो पाहिला उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्यात रात्री सतरंज्या पसरायच्या, कूलर लावायचा आणि गल्लीतले सगळे पोट्टे दाटीवाटीने बसायचे. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ या हिंदी भयपटातल्या सामरी या सैतानाने त्या पिढीतल्या कित्येकांची झोप उडवली. आज चाळिशी-पन्नाशीत तोच सिनेमा पुन्हा लावला, की त्याच्या चेहऱ्यावरचा मेकअप स्पष्ट दिसतो. भीती वाटत नाही. आणि तरीही एखादं दार धाडकन आपटलं, की अंग दचकतंच.

चेहऱ्याची भीती गेली आणि आवाजाची राहिली, असं का?

चेहऱ्याचं उत्तर बालमानसशास्त्राकडे आहे. सिंथिया हॉफनर आणि जोअॅन कँटर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली मुलांना एका म्हातारीची गोष्ट पडद्यावर दाखवली. काहींना ती प्रेमळ आजीसारखी दिसली, काहींना चेटकिणीसारखी. आणि दोन्ही रूपांत ती कधी मायेने वागली, तर कधी दुष्टपणे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिला प्रामुख्याने रूपावरून पारखलं. नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र तिच्या वागण्याकडे जास्त बघत होती. लहान मुलासाठी जे भयंकर दिसतं ते भयंकरच असतं. दिसणं आणि असणं वेगळं काढायला वय लागतं. आलेल्या भीतीला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. पन्नाशीतल्या प्रेक्षकाला मुखवटा मुखवटाच दिसतो, तो त्यामुळे.

आवाजाची गोष्ट निराळी, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. अचानक मोठा आवाज झाला, की कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या अगदी तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून थेट स्नायूंकडे जातो. पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर उचलले जातात. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच सुरू झालेलं असतं. ‘हा सिनेमा आहे’ हा विचार नंतर पोहोचतो. कितीही वय वाढलं तरी हा क्रम उलटा होत नाही.

केवळ मोठा आवाजच नव्हे, फाटका आवाजही आपल्याला अस्वस्थ करतो. डॅनियल ब्लूमस्टाईन हे जीवशास्त्रज्ञ मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करतात. पकडलेली पिल्लं कधी कधी चिरक्या, खरखरीत आवाजात किंचाळतात आणि ती किंकाळी ऐकणं नकोसं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शंभरावर चित्रपटांतल्या प्रसंगांचं ध्वनिमुद्रण तपासलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भयपटांमध्ये अशा खरखरीत किंकाळ्या अधिक आढळल्या. घाबरलेल्या प्राण्याच्या घशातून जो आवाज निघतो, तोच संगीतकार आणि ध्वनिसंयोजक आपल्या कानाने हुडकून काढतात.

यात स्मृतीचाही वाटा आहे. जुनी भीती सहसा पुसली जात नाही. ‘इथे धोका नाही’ अशी नवी शिकवण तिच्यावर येऊन बसते. ही शिकवण जागेला फार चिकटून असते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत उंदरांना एका पिंजऱ्यात विशिष्ट आवाजाची भीती बसवली गेली आणि ती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली गेली. पहिल्या पिंजऱ्यात परत नेताच भीती पुन्हा वर आली. म्हणून मला वाटतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी मोबाइलवर हा सिनेमा बघणं आणि महालातल्या त्याच खोलीत, कूलरच्या घरघरीत, वाळ्याच्या ओल्या वासात रात्री बघणं, हे दोन अनुभव सारखे नसणार.

मात्र आपल्याला हसू येतं म्हणून शेजारी बसलेल्या चार वर्षांच्या नातवालाही येईल, असं धरून चालू नये. ‘अरे, तो मेकअप आहे’ हे स्पष्टीकरण त्या वयात फारसं उपयोगी पडत नाही, असं कँटर यांच्या संशोधनातून दिसतं. जवळ घेणं, आवडतं खेळणं हातात देणं, काही खायला-प्यायला देणं याने लहान मुलं लवकर शांत होतात. समजावून सांगणं आठ-नऊ वर्षांच्या भावंडाला लागू पडतं. धाकट्यासाठी सिनेमा बंद करून त्याला मांडीवर घ्यावं.