पेन्शनमध्ये चुकून गेलेले पैसे आणि चुकून न गेलेले पैसे

नोकरी सोडल्यावर पीएफचा क्लेम परत येतो, कारणाच्या जागी ईपीएसचं, म्हणजे पेन्शन योजनेचं, काहीतरी लिहिलेलं असतं आणि तोवर कधी न उघडलेलं पासबुक माणूस पहिल्यांदा निरखून बघतो. मी पगारपत्रकाचं काम करते, त्यामुळे असे बरेच जण माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो: “पेन्शनचे पैसे चुकलेत, दुरुस्त कसे करायचे?” पण चुका दोन जातींच्या आहेत आणि एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. एकीचं औषध दुसरीला दिलं तर हक्काचं गमावून बसाल.

आधी नियम. मालकही पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के ईपीएसमध्ये जातात, तेही १५,००० रुपये पगार धरून. म्हणजे महिन्याला फार तर १,२५०. उरलेले पीएफमध्ये. मात्र १ सप्टेंबर २०१४ पासून पुढे जो पहिल्यांदाच सभासद झाला आणि रुजू होतानाच ज्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर होता, तो ईपीएसमध्ये बसत नाही. त्याचा मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच पडायला हवा.

पहिली चूक इथेच होते. समजा पहिलीच नोकरी २०१९ ची, मूळ पगार ३०,००० आणि पीएफ पूर्ण पगारावर. पासबुकात दर महिन्याची ओळ दिसते: कर्मचारी ३,६००, मालक २,३५०, पेन्शन १,२५०. खरं तर मालकाच्या रकान्यात ३,६०० हवेत आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य. पाच वर्षांत ७५,००० रुपये भलत्या खात्यात गेले आणि पीएफवर मिळालं असतं ते व्याजही बुडालं. पेन्शन पुढे ढकलण्याचा पर्याय न घेता वयाच्या ५८ नंतरही ही रक्कम जात राहिली असेल, तर तीही याच जातीची चूक.

दुसरी चूक गुपचूप होते. २०१६ ला १२,००० वर नोकरी लागली, ईपीएस सुरू झालं. पुढे दुसरीकडे ४०,००० वर गेलात. नव्या कार्यालयाने आधीचं सभासदत्व न तपासता पगार पाहिला आणि पेन्शन बंद केली. पासबुकात मालक ४,८००, पेन्शन शून्य. पण मधे पेन्शनचे पैसे काढून घेतले नसतील, तर एकदा झालेला सभासद पगार वाढला म्हणून बाहेर पडत नाही. पीएफची शिल्लक फुगलेली दिसते, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. मला हीच चूक जास्त घातक वाटते. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, आणि ही वर्षं त्यात धरलीच जात नाहीत. सेवेत असताना माणूस गेला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्याचाही आधार हेच सभासदत्व.

म्हणून आजचा पगार बघून काही ठरवू नका. पहिल्यांदा सभासद झालात ती तारीख आणि त्या महिन्याचा पगार, एवढं बघा. आज ६०,००० मिळतात आणि तरी १,२५० जातात, म्हणून घाबरलेले कितीतरी जण येतात. सुरुवात १५,००० च्या आत असेल, तर त्यांचं सगळं बरोबरच असतं.

पहिल्या चुकीत फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढायची घाई करू नका. १०सीची रक्कम सेवेच्या कालावधीच्या कोष्टकाने ठरते, पीएफसारखी व्याजासह नाही. आधी ती रक्कम पीएफमध्ये वळवून घ्या आणि अर्जात व्याजाची मागणी स्पष्ट लिहा. दुसऱ्या चुकीत उलट: फॉर्म १९ भरून पीएफ रिकामा करू नका. जे पैसे पेन्शन खात्यात वळायचे आहेत, ते पीएफमध्येच पडून आहेत.

दोन्हीकडे सुरुवात ज्या मालकाकडे चूक झाली त्याच्याकडूनच होते, कारण चुकीचा भरणा त्याच्या चलनातून गेलेला असतो. पहिलं नेमणूकपत्र, रुजू झालेल्या महिन्याची पगार स्लिप, रुजू होताना भरलेल्या फॉर्म ११ ची (आधीच्या सभासदत्वाची माहिती देणाऱ्या फॉर्मची) प्रत आणि पासबुक जोडून त्याच्याकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. कंपनीच बंद पडली असेल तर हेच कागद घेऊन ती ज्या प्रादेशिक पीएफ कार्यालयाखाली होती तिथे जावं लागतं. नोकरी सोडायच्या आठवड्यातच या प्रती काढून ठेवा. कार्यालयाचा ईमेल बंद झाला की जुन्या स्लिपा हाती लागत नाहीत.