कर्करोगासाठी काढलेल्या चित्रात हृदयाची बातमी

मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचं क्ष-किरण चित्र, वाचताना रेडिओलॉजिस्टला कधीकधी रेल्वेच्या रुळांसारख्या, शेजारून वळत जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेषा दिसतात. त्या गाठीच्या नसतात आणि कर्करोगाशीही त्यांचा संबंध नसतो. स्तनाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलं की क्ष-किरणांत ती अशी उठून दिसते. हे दृश्य डॉक्टरांच्या फार जुन्या ओळखीचं आहे. तरी रिपोर्टमध्ये ‘काळजीचं कारण नाही’ एवढंच लिहिलं जायचं, अनेकदा तेवढंही नाही. तपासणी कर्करोगाची, कर्करोग नाही, विषय संपला. हृदय हे दुसऱ्या विभागाचं काम.

खरं तर जगभरात स्त्रियांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. २०१९ साली ही संख्या सुमारे ८९ लाख होती. स्तनाच्या कर्करोगाने २०२२ मध्ये जगात सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की भीती कुठे आणि धोका कुठे, हे लक्षात येतं.

पण स्तनातल्या धमनीवरून हृदयाचा अंदाज बांधायचा तरी कसा? संशोधकांनाही हा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर भिंतीच्या सर्वांत आतल्या अस्तरात साचतात आणि रक्ताची वाट अरुंद करतात. स्तनातलं कॅल्शियम मात्र भिंतीच्या मधल्या, स्नायूंच्या थरात बसतं. त्याने वाट सहसा बंद होत नाही, भिंत ताठर होते. म्हणजे हा वेगळा आजार झाला. वय आणि मधुमेह यांच्याबरोबर तो वाढतो हे अपेक्षितच. पण धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत तो उलट कमी आढळतो, हे कोड्यात टाकणारं आहे. आणखी एक गंमत म्हणजे, स्तनाकडे रक्त नेणारी छातीतली एक मोठी धमनी सहसा तुंबत नाही, म्हणून सर्जन तीच बायपाससाठी वापरतात. तिच्याच पुढच्या बारीक फांद्यांत हे कॅल्शियम सापडतं.

त्यामुळे तर्क बाजूला ठेवून स्त्रियांचं प्रत्यक्ष काय होतं ते पाहणं भाग होतं. कॅलिफोर्नियातल्या ‘मिनर्व्हा’ अभ्यासात ६० ते ७९ वयाच्या ५,०५९ स्त्रिया होत्या. त्यांपैकी कुणालाही आधी हृदयविकार नव्हता. सुमारे २६ टक्के जणींच्या मॅमोग्राममध्ये असं कॅल्शियम होतं. साधारण साडेसहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. कॅल्शियम असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचा धोका ५१ टक्के जास्त होता, आणि तोही वय, मधुमेह, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा करून. हा आकडा वाचून घाबरू नये. शंभरातल्या ५१ जणींना झटका येतो असा त्याचा अर्थ नाही. शंभरात चार जणींना येणार असेल, तर त्या चारच्या सहा होतात, असा आहे.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी पुढची पायरी गाठली. व्हिक्टोरिया राज्यातल्या ४९ हजारांहून अधिक स्त्रियांचे मॅमोग्राम त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला वाचायला दिले. नुसतं कॅल्शियम नाही, तर चित्रातलं सगळंच. सोबत फक्त वय सांगितलं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ठाऊक नसतानाही हृदयविकाराच्या धोक्याचा या प्रणालीचा अंदाज तो धोका मोजण्याच्या प्रचलित गणनपद्धतींच्या तोडीचा ठरला.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की यासाठी नवं मशीन नको, जादा किरणोत्सर्ग नको आणि वेगळी फेरीही नको. चित्र आधीच काढलेलं असतं. कॅनडातल्या स्तन-प्रतिमा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये धमनीतल्या कॅल्शियमची नोंद रिपोर्टमध्ये करावी अशी शिफारस केली, ती उगाच नव्हे. मात्र अशी नोंद कळवल्याने पुढे झटके कमी होतात, हे सिद्ध व्हायचं आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये असा उल्लेख आला तर फिजिशियनला दाखवावा आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. गरज वाटली तर ते हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन सुचवतील. हाडांसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि रिपोर्टमध्ये उल्लेख नसेल, तर हृदय ठणठणीत आहे असंही समजू नये. चाळिशीतल्या बहुतेक स्त्रियांत हे कॅल्शियम नसतंच. झटका मात्र त्या वयातही येऊ शकतो.

आपल्याकडे मुळात मॅमोग्राम किती जणींचा होतो, हा भाग वेगळाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम ०.९ टक्के होत्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर हाताने स्तनतपासणीचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर हीच हाताची तपासणी आहे, आणि त्याच कार्यक्रमात रक्तदाब आणि साखरही मोजायची असते. म्हणजे स्तन आणि हृदय या दोन्हींची चौकशी एकाच भेटीत करायची सोय आपल्याकडे मॅमोग्रामशिवायही आहे, निदान कागदावर. तेव्हा आरोग्य केंद्रात गेल्यावर दंडाला पट्टा बांधून घेतल्याशिवाय परत येऊ नका.