ग्रीन टीने हार्मोन ताळ्यावर येतात?

‘रोज दोन कप ग्रीन टी घ्या, हार्मोन आपोआप ताळ्यावर येतील’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. त्याचं मूळ परीक्षानळीत आहे: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी हे अधिक प्रभावी रूप करणाऱ्या एन्झाइमला ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य तिथे रोखतं. पण कपात ते असतं साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, आणि रक्तात पोचतं अगदी थोडं. मग लोक अर्काच्या कॅप्सूलकडे वळतात. खरा धोका तिथेच! पूरक म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल लगेच बंद करून डॉक्टरांना गाठा. आणि थायरॉइड हार्मोनची गोळी घेत असाल, तर ती मात्र उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबतच. कुठलाही चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने.