देवाने पाठ फिरवली असं वाटतं तेव्हा

कॅन्सरचं किंवा हृदयाच्या मोठ्या दुखण्याचं निदान झालं की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : रिपोर्टांची फाईल आणि देवाला साकडं. कुणी सोमवार धरतं, कुणी महामृत्युंजयाचा जप लावतं, कुणी वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात किंवा पाय वाहून येतं, कुणी हाजी अलीला चादर बोलतं. या सगळ्याचा आजारी माणसाला काही उपयोग होतो का, हे शास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षं तपासत आहेत. त्यातला बराच काळ मात्र प्रश्न चुकीचा विचारण्यात गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो प्रश्न म्हणजे, प्रार्थनेने रोग बरा होतो का? १८७२ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यावर साधा हिशेब मांडला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमधून जाहीर प्रार्थना होतात, म्हणजे राजे जास्त जगायला हवेत. प्रत्यक्षात सुखवस्तू वर्गांमध्ये राजघराण्यातल्याच लोकांचं सरासरी आयुष्य सर्वांत कमी भरलं.

या प्रश्नावरचा एक खूप मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा रुग्णालयांतले १,८०२ बायपासचे रुग्ण आणि त्यांचे तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांपैकी एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला मात्र ती नक्की होणार असं सांगितलं आणि तशी ती झाली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटात मात्र ५९ टक्के! आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनाच जास्त त्रास झाला. तो योगायोग असू शकतो, किंवा ‘माझी तब्येत इतकी बिघडली आहे की काय’ ही धास्तीही असू शकते. शिवाय ही प्रार्थना अनोळखी लोकांनी केलेली होती. घरची माणसं तिन्ही गटांतल्या रुग्णांसाठी प्रार्थना करतच असणार, त्यांना कोण थांबवणार?

स्वतः प्रार्थना करणाऱ्या रुग्णाचं काय होतं, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्याचा एक धागा शरीराशी जोडलेला आहे. इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबात दर दहाएक सेकंदांनी नैसर्गिक चढउतार होत असतो. श्वास त्या लयीला जुळला की रक्तदाब सावरणारी चेतासंस्थेची यंत्रणा अधिक तत्परतेने काम करते. केमोच्या खुर्चीत सलाईनची शीर सापडेपर्यंत डोळे मिटून नामस्मरण करणाऱ्या बाईंना थोडं शांत वाटतं, त्यात या संथ श्वासाचा वाटा असावा. यामुळे गाठ लहान होत नाही. पण ती पाच मिनिटं सुसह्य होतात, आणि आजारपणात अशी पाच मिनिटं फार येतात.

दुसरा धागा मनाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की सगळ्यांचं देवाकडे वळणं एकाच जातीचं नसतं. ‘तू सोबत आहेस, मी औषध घेतो’ हे एक, आणि ‘तू मला कशाची शिक्षा देतोयस?’ हे दुसरं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही किंवा हे सैतानाचं काम आहे, असं ज्यांच्या मनात घोळत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. आजाराची तीव्रता आणि मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. विचारांमुळेच मृत्यू आला असं यावरून सिद्ध होत नाही. पण अशा रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, एवढं नक्की कळतं.

आपल्याकडे हा विचार रुग्णाच्या मनात बहुतेकदा भेटायला आलेले लोकच पेरतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, ड्रेनची नळी अजून अंगाला, आणि उशाशी बसलेली नात्यातली बाई हळूच विचारते, “कुलदैवताचं काही राहिलंय का गं? नवस फेडायचा राहिला असेल, आठवून बघ.” बोलणारीच्या मनात माया असते. ऐकणारी मात्र रात्रभर आपली चूक शोधत बसते. पेशीच्या जनुकांत बिघाड साचत जातात आणि ती अनिर्बंध वाढू लागते, तेव्हा कॅन्सर होतो. राहिलेल्या नवसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे तिला डॉक्टरांनी आपणहून, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

पण रुग्णाच्या मनात काय चाललंय, हे डॉक्टर विचारतच नाहीत. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या २३० रुग्णांपैकी ७२ टक्के जणांनी सांगितलं, की आमच्या आध्यात्मिक गरजांकडे वैद्यकीय यंत्रणेने जेमतेम किंवा अजिबात लक्ष दिलं नाही. २००९ मधल्या ३४५ रुग्णांच्या अभ्यासात, देवावर जास्त भिस्त ठेवणाऱ्यांना आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर ठेवलं जाण्याचं प्रमाण अधिक दिसलं. चमत्काराची वाट पाहणाऱ्याला असे उपचार थांबवणं म्हणजे श्रद्धा सोडणं वाटत असेल, तर ते समजण्यासारखं आहे. उलट, उपचार करणाऱ्यांनीच या गरजांची नीट दखल घेतली तेव्हा जास्त रुग्णांनी हॉस्पिसची, म्हणजे आजार बरा होणार नसताना वेदना कमी करून शेवटचे दिवस सुसह्य करणारी, काळजी स्वीकारली. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे डॉ. सिसली साँडर्स यांनी मांडलं आणि १९६७ मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिस उभं केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्यालाच सुरू झालं.

उपचार थांबवून मंत्राच्या भरवशावर बसणं ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हाच आहे, आणि ते योग्यच आहे.

रोजच्या व्यवहारात प्रश्न याहून बारीक असतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना उघड्यावरचं पंचामृत किंवा तीर्थ पोटात गेलं तर संसर्गाचा धोका असतो. “तीर्थ बंद” एवढंच सांगितलं की रुग्णाला देव कोपेल ही धास्ती लागते, आणि मग ते लपूनछपून घेतलं जातं. “मावशी, तीर्थ घरच्यांना घेऊ दे, तुम्ही नुसता नमस्कार करा. काउंट वर आले की मी सांगेन, मग घ्या,” असं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही.