जलपिसूनं तोंड का मिटलं?

उन्हाळा लागला की उजनीच्या फुगवट्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. पाण्यावर पोपटी साय, काठाला रंगाच्या डब्यासारखा थर. खाली ठरलेली वाक्यं. कुणाला त्यात कोप दिसतो, कुणाला कलियुग. त्यांच्याशी वाद घालण्यात मी फार वेळ घालवत नाही; पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, त्यातला फॉस्फरस धरणात साठतो, ऊन आणि संथ पाणी मिळालं की पुढचं आपोआप होतं. मला राग येतो तो एका शहाण्या वाक्याचा : ‘मासे मरत नाहीयेत ना, मग पाणी ठीक आहे.’

मासे मेले म्हणजे विष आणि जगले म्हणजे अमृत, ही परीक्षाच चुकीची. अशा तळ्यात पहाटे मासे उलटे तरंगतात ते बहुतेक वेळा गुदमरून. रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं आणि उजाडेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला असतो. खरं विष पुष्कळदा कुणालाही न मारता काम करतं. आधी वागणं बदलतं. ते बघायचं तर माशाकडे नाही, जलपिसूकडे बघावं.

मत्स्यपेटी पाळणारे तिला डॅफ्निया म्हणतात, पिल्लांचं खाद्य म्हणून विकतही आणतात. पिसू हे नाव तिच्या टुणटुण उड्यांमुळे पडलं. गोतावळा मात्र कोळंबी-खेकड्यांचा. लांबी एक ते पाच मिलिमीटर, अंग काचेसारखं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पाठीतलं हृदय धडधडताना दिसतं, आतड्यातलं हिरवं जेवण दिसतं, काळा टिपका असलेला एकुलता एक डोळा थरथरताना दिसतो. पायांच्या पाच जोड्या सतत हलत असतात, पण चालायला नव्हे. त्या पाणी आत ओढतात, बारीक केसांच्या चाळणीतून गाळतात आणि गाळलेला चोथा एका खोबणीतून तोंडाकडे ढकलतात. नको ते आलं तर शेपटाकडच्या नखानं खोबण खरवडून सगळं बाहेर. दाताखाली खडा आला की आपण घास थुंकतो, तसंच.

ती साय ज्याची असते तो मायक्रोसिस्टिस. याला आपण नीलहरित शेवाळ म्हणतो, पण हा जीवाणू आहे. पेशीत वायूचे सूक्ष्म फुगे असतात, म्हणून तो वर तरंगतो आणि ऊन खातो. त्याच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं विष असतं, काहींत नसतं, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच हिरवे. हे विष म्हणजे सात अमिनो आम्लांचं कडं. उकळल्यानं ते मोडत नाही, त्यामुळे ‘उकळून घ्या’ हा आजीचा सल्ला इथे लागू पडत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

हे कडं करतं काय? इथे जरा सावकाश वाचा. पेशीतल्या अनेक प्रथिनांना एक खटका असतो. फॉस्फेटचा गट चिकटला की खटका एका बाजूला, निघाला की दुसऱ्या बाजूला. चिकटवणारी विकरं (एन्झाइम) ती कायनेज, काढणारी ती फॉस्फेटेज. मायक्रोसिस्टिन फॉस्फेटेजच्या दोन महत्त्वाच्या प्रकारांत, पीपी-१ आणि पीपी-२ए यांच्यात, जाऊन बसतं. कड्याला ॲडा नावाची लांब शेपटी असते, ती विकराच्या खाचेत शिरते. आता फॉस्फेट चिकटत राहतात, पण काढणारा कुणी नाही. पेशीचा आतला सांगाडा याच खटक्यांवर उभा असतो, तो ढासळतो. जलपिसूच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, मग विष रक्तात उतरतं. म्हणजे विष मायक्रोसिस्टिसच्या पेशीत बंद असेल तर ते लागू होण्यासाठी जलपिसूला आधी ती पेशी खावी लागते.

आणि गंमत अशी की मायक्रोसिस्टिस वाढवलेल्या पाण्यात सोडलेली जलपिसू खाणंच कमी करते. पायांची लय मंदावते, घास कमी गिळले जातात. पुष्कळ वर्षं याचा सरळ अर्थ लावला जाई : विष आहे, विषानंच तोंड बांधलं. पण सोबत होतं म्हणून त्यानंच केलं असं थोडंच आहे? मांजर आडवं गेल्याच्या दिवशी गाडी चुकते, तोही हाच तर्क.

उत्तर बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठातून आलं. तिथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मायक्रोसिस्टिसच्या एका वाणातलं विष बनवणाऱ्या यंत्रणेचं एकच जनुक निकामी केलं. पीसीसी ७८०६ हा तो वाण. बाकी सगळं तसंच, फक्त मायक्रोसिस्टिन नाही. एका घरातल्या दोन भावांपैकी एकाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसं. मग थॉमस रोरलाक आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वाण जलपिसूंना वाढले. १९९९ मध्ये निकाल छापून आला. विषारी वाण खाणाऱ्या मेल्या, बिनविषारी खाणाऱ्यांना विषबाधा झाली नाही. पण खाणं? ते दोन्हीकडे कमी झालं.

हा निकाल मला फार आवडतो. मारणारा वेगळा निघाला आणि तोंड बंद करणारा वेगळा. मायक्रोसिस्टिन मारतं, पण जेवण थांबवण्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. ते काम पेशीतलंच दुसरं काहीतरी करतं. पुढच्या प्रयोगांत आणखी एक धागा सापडला. जलपिसू किती लवकर मरते हे ती किती वेगानं विष गिळते यावर ठरतं. म्हणजे तोंड मिटणारी जास्त काळ जगते.

जगते, पण उपाशी. शिवाय मायक्रोसिस्टिसमध्ये स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीची द्रव्यं, नसतात, आणि जलपिसूच्या जातकुळीला ते स्वतः बनवता येत नाहीत. कात टाकण्याचं संप्रेरक स्टेरॉलपासूनच होतं. खाल्लं तर विष, नाही खाल्लं तर उपास, आणि थोडंथोडं खाल्लं तरी कुपोषण. मायक्रोसिस्टिसच्या काही वाणांत मायक्रोविरिडिन-जे नावाचं आणखी एक द्रव्य असतं, ते पचनाची विकरं बंद पाडतं. ते गिळलेली जलपिसू जुनी कात पूर्ण काढू शकत नाही, अर्ध्या निघालेल्या कातीतच अडकून मरते.

मज्जातंतूंवर घाला घालणारी विषं वेगळीच. सॅक्सिटॉक्सिन मज्जापेशीची सोडियमची वाट बूच मारल्यासारखी बंद करतं, संदेश पुढे जात नाही. ब्राझीलमधल्या जलाशयांतला सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस हा तंतुमय सायनोजीवाणू, म्हणजे नीलहरित शेवाळाचाच एक प्रकार, ते बनवतो. तो चारलेल्या जलपिसूंचं पोहणं थांबल्याचं तिथल्या संशोधकांनी पाहिलं. स्वच्छ खाद्यात हलवल्यावर त्या पुन्हा पोहू लागल्या. प्रयोगशाळेत असं हलवायला माणूस असतो. तळ्यात लुळी जलपिसू खाली बुडते, नाहीतर एखाद्या माशाच्या तोंडी जाते, आणि नोंद ‘माशानं खाल्ली’ अशीच होते.

ॲनाटॉक्सिन-ए याच्या उलट वागतं. स्नायूला ‘आकुंचन पाव’ असं सांगणाऱ्या ॲसिटिलकोलीनची ते नक्कल करतं, पण काम झाल्यावर पुसलं जात नाही. सायनोजीवाणूंचंच आणखी एक विष, ग्वानिटॉक्सिन, तर ॲसिटिलकोलीन पुसणाऱ्या विकरालाच धरतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच करतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा या गटाचं नाव घरोघरी पोचलं. एका जीवाणूनं तोच डाव कुठल्याही कारखान्याविना साधला आहे. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ असं छापलेली बाटली दिसली की मला ग्वानिटॉक्सिन आठवतं.

पण जलपिसूला मारण्यासाठीच हे विष घडलं, असं समजू नका. मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जनुकांची वंशावळ तपासणाऱ्यांचा २००४ मधला निष्कर्ष असा की ती बहुपेशीय प्राण्यांच्याही आधीची आहेत. खाणारा जन्मायच्या आधीच ताटात विष होतं. मग खाणाऱ्यांनी काय केलं?

युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळात याचं उत्तर पुरलेलं होतं. दिवस वाईट आले की जलपिसू टणक कवचातली अंडी टाकते. ती तळाच्या गाळात बसतात आणि दशकानुदशकं तग धरतात. वर नवा गाळ साचत जातो, म्हणजे जितकं खोल तितकं जुनं. १९६० आणि ७० च्या दशकांत सांडपाणी आणि साबणांमधून सरोवरात फॉस्फरस वाढला, नीलहरित शेवाळ माजलं. नेल्सन हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी काढून उबवली, पिल्लांना मायक्रोसिस्टिस मिसळलेलं खाद्य दिलं आणि वाढ मोजली. ‘नेचर’मध्ये १९९९ साली आलेला त्यांचा निकाल असा : साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या अंड्यांतल्या जलपिसूंची वाढ या खाद्यावर चांगलीच खुंटली. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या अंड्यांतल्या त्यांच्या नातीपणतींना त्याचा त्रास बराच कमी झाला. सरोवर हिरवं झालं तसं, पंधराएक वर्षांच्या आत, तिथली जलपिसू बदलली होती.

पुढे सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात झाली आणि सरोवर पुन्हा निवळलं. गाळातली अंडी अजून तिथेच आहेत, पाणी स्वच्छ होतं तेव्हाची खाली, साय आली तेव्हाची त्यांच्या वर.